कुठं विचारू नये

शहापूर-मुरबाड गाडीवरचा धाऊ ड्रायव्हर एका गोष्टीसाठी सगळ्या पट्ट्यात नावाजलेला होता. त्याच्या गाडीत म्हाताऱ्या माणसांना झोप लागायची. किन्हवलीच्या पुढचा रस्ता ज्यांच्या कमरेला ठाऊक आहे, त्यांनाच यातली करामत कळेल. त्या रस्त्यावरून धाऊ गाडी अशी न्यायचा, की बाजाराला निघालेल्या बाईच्या मांडीवरची अंड्यांची टोपली मुरबाडला उतरताना एक अंडं कमी नाही की एक फुटकं नाही.

पण गेल्या वर्षभरात ही कीर्ती मागं पडली आणि लोक त्याला ‘जर्मन धाऊ’ म्हणायला लागले. कारण स्टिअरिंगवर हात ठेवला की धाऊ पुटपुटायचा, ‘फारेन, फूर, गेफारेन.’ पहिल्या दिवशी पुढच्या सीटवरच्या एका आजोबांना वाटलं, गाडी सुखरूप जावी म्हणून ड्रायव्हरनं मंत्र धरलाय. त्यांनी टोपी काढून हात जोडले. घाट असता तर एक वेळ समजलं असतं, पण गाडी अजून आगाराच्या फाटकातच होती, त्यामुळं ते जास्तच घाबरले.

मंत्र नव्हता तो. ‘गाडीनं जाणे’ या क्रियापदाची जर्मन रूपं होती. आज जातो, काल गेला, जाऊन चुकला.

जर्मनीत म्हणे बस चालवायला माणसं मिळेनात. इकडून ड्रायव्हर, नर्सबाया, वायरमन न्यायचे असं ठरलं होतं, आणि भाषेची परीक्षा पास होईल त्याचं पुढचं बघू, अशी बातमी आगारापर्यंत आली होती. शहापुरात सायकलीच्या दुकानावरच्या माडीत दर रविवारी शिकवणी सुरू झाली. आगारातल्या सात-आठ जणांनी नावं दिली. पहिल्या महिन्यात, त्या भाषेत टेबल पुरुष असतं आणि पोरगी नपुंसक असते हे कळल्यावर त्यातले बहुतेक जण, ‘ज्यांना पोरगी कळत नाय त्यांच्याकडं कशाला जावा,’ म्हणून परत फिरले. धाऊ राहिला.

लोकांनी धरून चाललं की पगारासाठी. धाऊनंही धरू दिलं. खरं कारण सांगायचं तर ‘कुठं’ या शब्दापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तो शब्द धाऊ उच्चारत नव्हता.

आमच्याकडं घराबाहेर पडणाऱ्याला ‘कुठं चाललास’ असं विचारत नाहीत. विचारलं की काम फिसकटतं, जाणारा अर्ध्या वाटेतनं परततो, नाहीतर परततच नाही. अगदीच राहवेना तर ‘लांब का?’ म्हणायचं. जाणाऱ्यानं ‘नाय, हितंच’ म्हणायचं, मग तो दिल्लीला का निघाला असेना. एवढ्यावर दोघांचं समाधान होतं. आणि तरीही कोणाच्या तोंडून ‘कुठं’ निसटलंच, तर जाणाऱ्यानं परत घरात यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. म्हणजे आधीचं निघणं रद्द.

चार वर्षांपूर्वी धाऊचा धाकटा भाऊ ओमकार संध्याकाळी मोटारसायकल काढत होता. वाशिंदच्या कारखान्यात लागून त्याला वर्ष झालेलं, गाडी नवीन, केसांना तेलाऐवजी काहीतरी चिकट लावलेलं. धाऊ ड्युटीवरून येऊन अंगणात पाय धूत होता. डोक्यात काही नाही, मनात काही नाही. पाय धुताधुता तो म्हणाला, “कुठं रं चाललास नटूनथटून?”

ओटीवर आई बसली होती. हिरी तिचं नाव. ती ओरडली, “आरं ये, पानी पिऊन जा!” ओमकार हसला, म्हणाला, “आये, आलोच ना मी,” आणि गेला. सागाच्या वळणावर समोरून खडीचा डंपर आला.

डंपरचे दिवे बंद होते, हे पंचनाम्यात आहे. हिरीच्या पंचनाम्यात डंपरच नव्हता.

त्या दिवसापासून ती धाऊशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. शिव्या नाहीत, शाप नाहीत. वेळेवर भाकरी, वेळेवर चहा, धाऊला ताप आला तर रात्रभर उशाशी बसणं, सगळं होतं. फक्त शब्द नव्हता. जे काय बोलायचं ते सुनेच्या, मैनाच्या मार्फत. “मैने, त्याला इचार, भात वाढू का?” धाऊ दोन हातांवर बसलेला. मैना भिंतीसारखी मधे उभी. “अवो, भात वाढू का?” “वाढ म्हनावं.” “आत्ये, वाढा म्हनतात.” अशी एका भाताची तीन ठिकाणी नोंद व्हायची. मैना माहेरी गेली की हिरी कोंबडीशी बोले. “कालवन चुलीवर हाय म्हनावं, आंगावर सांडून घेऊ नको म्हनावं.” कोंबडी निरोप पोचवायची नाही, पण धाऊला मिळायचा.

आणि मुरबाडच्या गाडीवर दिवसातून चार वेळा तेच वळण. त्यानं साहेबांकडं मार्ग बदलून मागितला. तीन महिने डोळखांबची गाडी मिळालीसुद्धा. मग मुरबाडच्या प्रवाशांनी अर्ज केला, की आमचा झोपवणारा ड्रायव्हर परत द्या. माणसाचं चांगलं काम असं त्याच्या मुळावर येतं. धाऊ परत त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर, तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर. म्हणून त्याला जर्मनी हवी होती. जिथलं एकही वळण आपल्याला ओळखत नाही असा रस्ता त्याला पाहिजे होता, मग त्या रस्त्यावर बर्फ पडो नाहीतर आग.

शिकवायला हेतल होती. वाशिंदची, वयानं धाऊच्या निम्मी, आवाजानं दुप्पट. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, “या भाषेत क्रियापदं दोन प्रकारची. एक कमजोर, एक मजबूत. कमजोर नियमानं चालतात. मजबुतांना नियम नाही, ती मनाला येईल तशी बदलतात. ती पाठच करायची.”

“म्हंजे आपल्या सरपंचाच्या घरच्यांसारखी,” धाऊ म्हणाला.

“अगदी तशीच, काका.”

धाऊला शाळेतले पावकी-निमकीचे पाढे अजून पाठ होते. त्यानं त्याच चालीवर ही क्रियापदं घातली. ट्रिंकेन, ट्रांक, गेट्रुंकेन म्हणजे पिणे. श्लाफेन, श्लीफ, गेश्लाफेन म्हणजे झोपणे. गाडी सुरू झाली की कंडक्टर शाम मागून घंटी मारायचा आणि विचारायचा, “धाऊदा, मरणे?”

“श्टेर्बेन, श्टार्ब, गेश्टोर्बेन.”

“राहणे?”

“ब्लायबेन, ब्लीब, गेब्लीबेन.”

“पुढं सरका हो मावशी, गेब्लीबेन करू नका दारात!”

सहा महिन्यांत असं झालं, की मुरबाडच्या बाजाराला जाणाऱ्या बाया आपापसात ‘ट्रांक का चाय?’ असं विचारायला लागल्या. धाऊचं मात्र एका गोष्टीवर अडलं होतं. खाणे, पिणे, येणे, जाणे, राहणे, मरणे ही सगळी बेशिस्त क्रियापदं. गप्प बसणे हे तर चांगलंच मजबूत, श्वायगेन, श्वीग, गेश्वीगेन. ते त्याला एकदा ऐकून पाठ झालं. घरी उदाहरण होतं. आणि ‘विचारणे’? फ्रागेन. कमजोर! मुकाट्यानं नियमानं चालणारं, गरीब.

“हे कोन्यातरी साहेबानं चुकीच्या रकान्यात टाकलंय,” धाऊ म्हणाला. “विचारन्याएवढं ताकदीचं काय नाय, बाई.”

हेतल हसली. तिला वाटलं, काका विनोद करतात.

क्रियापदं झाली आणि तोंडी परीक्षेची तयारी सुरू झाली. तिथं खरी पंचाईत. तोंडीला दोघा-दोघांना समोरासमोर बसवतात. पुढ्यात पत्ते पालथे. उचलायचा, त्यावरच्या शब्दावरून समोरच्याला प्रश्न विचारायचा. हेतलनं बजावलं, “प्रश्न खुला पाहिजे. ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही असा. काय, कोण, कसं, का, कधी, कुठं.”

“बाई, असे प्रश्न आमच्याकडं फकस्त पोलीस इचारतात,” धाऊ म्हणाला.

वर्ग हसला, पण गोष्ट खरी होती. आमच्याकडचा प्रश्न उत्तर काखेत घेऊनच येतो. ‘जेवलास ना?’ ‘बरा हायस ना?’ ‘लावनी उरकली ना?’ समोरच्यानं फक्त मान हलवायची. बिचाऱ्याला उत्तर शोधायला लागू नये, ही त्यातली माया. ‘तू कसा आहेस’ असं विचारलं आणि त्यानं खरंच सांगितलं तर काय घ्या! तेवढा वेळ कोणाकडं आहे, आणि तेवढी छाती?

धाऊच्या जोडीला नम्रता होती. मुरबाडच्या एका दवाखान्यात नर्स, रोज धाऊच्याच गाडीनं येणारी. बोटं पातळ, तोंड धारदार. ती म्हणायची, “दादा, तुमी मला ‘हो ना? हो ना?’ करून वात आणला. दवाखान्यात डॉक्टर तेच करतात. दुखतंय ना? हां. जा.”

“मग काय इचारू?”

“वास म्हणा. काय!”

“वास मला येतोय, शब्द येत नाय.”

तरी हळूहळू येत गेले. ‘वास’ म्हणजे काय, ‘वी’ म्हणजे कसं, ‘वान’ म्हणजे कधी. धाऊ एकेक प्रश्न जुन्या गाडीच्या गिअरसारखा खरडत-खरडत टाकायला लागला. तू सकाळी काय खातेस? तुझं घर कसं आहे? फक्त एक शब्द तो घेईना. ‘वोहिन’. म्हणजे ‘कुठं, कुठल्या दिशेला’. प्रवासाचा पत्ता आला की धाऊ तो पालथा घालून दुसरा उचलायचा.

“काका, वोहिन फारेन झी? एवढंच तर आहे,” हेतल कावायची. “तुमच्याच धंद्यातला प्रश्न आहे!”

नम्रता खाली बघायची. तिला ठाऊक होतं. त्या पट्ट्यात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, हेतल वाशिंदची पडली.

शामनं एकदा गाडीतच विषय काढला. “धाऊदा, मी दिवसाला दोनशे मानसांना ‘कुठं?’ म्हनून इचारतो. एकपन मेला नाय. उलट तिकीट घेऊन बसतात.”

“तुझं निराळं. तो तुझा धंदा हाय. वैद्यानं नाडी धरली म्हंजे हात धरला असं होत नाय.”

“आरं पन डंपरला दिवे नव्हते!”

वळण आलं होतं. धाऊनं दुसरा गिअर टाकला आणि शामनं उगाच तिकिटाचं यंत्र पुसलं.

मैना रोज संध्याकाळी भाकऱ्या थापताना त्याचे पाढे ऐकायची. तिला अर्थ कळायचा नाही, पण चूक कळायची. “काल असं नव्हतं म्हनलात,” म्हणायची, आणि बरोबर असायची. तिनं त्याला थांबवलं नाही. जा म्हणाली, मग मला न्या. एकदा मात्र तिनं तवा उतरवून विचारलं, “तिकडं गेल्यावर आत्ये बोलतील तुमच्याशी? फोनवर?”

“फोनवर तू असशील ना मधी,” धाऊ म्हणाला. दोघं हसली. बाहेर ओटीवर हिरी वाल सोलत होती. शेंग फुटल्याचा आवाज मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

परीक्षा पुण्याला होती. धाऊनं लग्नातला सदरा घातला. मैनानं हातावर दही ठेवलं. उजाडायला आलं होतं. ओटीवर सूप मांडीवर घेऊन हिरी बसलेली. धाऊनं वाकून तिच्या पायांना हात लावला, तो नेहमीच लावायचा. पाय बोलत नसले तरी मागं घेतले जात नव्हते. वहाणा घातल्या. एक पायरी उतरला.

“कुठं चाललास रं?”

धाऊला आधी कळलंच नाही, की हा आवाज कोणाचा. चार वर्षांत तो आवाज त्याच्या दिशेनं आला नव्हता. मग कळलं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला आनंद झाला. एखाद्या पोरासारखा, पोटातून. आय बोलली! माझ्याशी बोलली! तो वळला आणि शिकवणीत शिकवल्याप्रमाणे अख्खं वाक्य करून म्हणाला, “पुण्याला चाललोय, आये. परीक्षेला.”

हिरीनं मान हलवली. एक शेंग सोलली.

मग दाराशी उभ्या मैनाचा चेहरा त्याला दिसला, आणि आई काय बोलली ते पोचलं.

“आत या तुमी,” मैना म्हणाली. “या आदी. बसा.” तिनं त्याला घरात ओढलं, पाटावर बसवलं, तांब्या दिला. धाऊ पाणी प्याला. आधीचं निघणं रद्द झालं. “तोंडातनं गेलं आसंल,” मैना हळूच म्हणाली, “म्हातारं मानूस.” दोघं उठली. धाऊनं पुन्हा वहाणा घातल्या, पुन्हा एक पायरी उतरला.

“कुठं चाललास रं?” हिरी म्हणाली. तोच आवाज, तेवढाच. सुपातले दाणे मोजल्यासारखा.

या वेळी धाऊ वळला नाही. पाणीही प्याला नाही. तो रस्त्याला लागला.

पुण्यात इमारत काचेची होती आणि आत गारठा होता, बहुधा सवय व्हावी म्हणून. लेखी परीक्षेत धाऊनं मजबूत क्रियापदांचा फडशा पाडला. एकही रूप चुकलं नाही. बाहेर नम्रता नखं खात उभी होती. तोंडीला त्यांची जोडी एकत्रच लागली होती. ती म्हणाली, “दादा, आपलं काय, रोजच्या गाडीत बसल्यासारखं बोलायचं.” मग त्याच्याकडं बघून म्हणाली, “बरे हाव ना?”

“हां,” धाऊ म्हणाला.

आत टेबलामागं दोन परीक्षक. एक गोरी बाई, गुलाबी, हसरी, आणि एक आपल्याकडचे चष्मेवाले गृहस्थ. पहिला पत्ता जेवणाचा आला. धाऊनं ‘वास’ टाकलं. दुसरा घराचा. ‘वी’ टाकलं. गोरी बाई मान डोलावत होती. गाडी तिसऱ्यावर पडली होती, रस्ता साफ. त्यानं शेवटचा पत्ता उचलला.

रायझं. प्रवास.

समोर नम्रता बसली होती. आज पास झाली की दोन महिन्यांत ती खरंच निघणार होती. तिची बॅगसुद्धा घेऊन झाली होती, जांभळी, चाकांची, तिनं गाडीत सगळ्यांना फोटो दाखवला होता. ती डोळ्यांनीच खुणावत होती, म्हणा दादा, वोहिन म्हणा, मला काय होत नाय. धाऊच्या जिभेवर शब्द होता. नुसता सोडायचा होता. त्याला ओटीवरची शेंग फुटलेली ऐकू आली.

“इस्ट एस... वाइट?” तो म्हणाला. लांब आहे का?

“या,” नम्रता म्हणाली. हो. दुसरं ती काय म्हणणार!

गोरी बाई थांबली. मग गोड आवाजात म्हणाली, एक खुला प्रश्न विचारा ना. चष्मेवाल्यांनी दया येऊन ओठांचा आकारसुद्धा करून दाखवला. धाऊनं कपाळ पुसलं. गारठ्यात त्याला घाम फुटला होता.

“कोमेन झी त्सुरुक?” तो म्हणाला. परत येणार ना?

नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. “या,” ती म्हणाली. पुन्हा उत्तर तेवढंच.

त्यानंतर धाऊला एकही शब्द आला नाही. नम्रतानं त्याला प्रश्न विचारले, परीक्षकांनी सोपे करून विचारले. वर्षभर पाठ केलेली मजबूत क्रियापदं, पिणे, झोपणे, येणे, जाणे, सगळी स्टँडवर सोडून गाडी निघून गेली होती. एकच उरलं होतं, श्वायगेन. ते त्यानं बोलून नव्हे, करून दाखवलं. पण करून दाखवण्याला गुण नव्हते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा ओटी रिकामी होती. मैना चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली, तवा नाही.

“भांडले मी आज,” ती म्हणाली. “लग्न झाल्यापासनं पयल्यांदा भांडले आत्याबायशी. म्हनलं, एकदा तोंडातनं जाईल, दोनदा कसं जाईल? पानी पाजून पाठवला तरी परत इचारलंत. मानूस हाय का कोन हाव तुमी? ल्योकाचं वाईट यावं म्हनून इचारलंत?”

“मग?”

“सूप बाजूला ठेवलं. मग म्हनाल्या...” मैनानं पदर तोंडाला लावला.

“बोल ना.”

“म्हनाल्या, इचारल्यानं एक गेला. आता इचारल्यानं एक ऱ्हाईल.”

धाऊ चुलीपाशी खाली बसला. लाकूड पुढं सारलं. त्याला राग यायला पाहिजे होता. तो आत सगळीकडं शोधून आला, सापडला नाही. चार वर्षं त्याला वाटत होतं, की या घरात आपण कोणाला नको आहोत, म्हणून इतक्या लांबच्या रस्त्याचा घाट घातला. आणि आता कळत होतं, की हवे आहोत. इतके, की पाय मोडून ठेवावे इतके. हे आधी कळतं तर तो जर्मन शिकलाच नसता. आणि तो जर्मन शिकला नसता तर हे कळलंच नसतं. या गाठीचं टोक त्याला सापडेना.

“तिला सांग,” तो म्हणाला, “तुझ्या इचारन्यानं नाय नापास झालो. माझ्याच्यानं इचारवलं नाय म्हनून झालो.”

“तुमीच सांगा. मी नाय आता मधी पडत. मी काय तार हाय?”

धाऊ उठला. आतल्या खोलीत हिरी अंथरुणावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. तो दारात उभा राहिला. त्याच्याकडं प्रश्न तयार होता, चांगला खुला, हो-नाहीत न मावणारा. का? आये, एवढं होतं तर चार वर्षं का? हेतलबाईंनी या प्रश्नाला पैकीच्या पैकी दिले असते. त्यानं तोंड उघडलं. म्हातारीची पाठ केवढी लहान झाली होती, हे त्याच्या आजच ध्यानात आलं. त्या पाठीला उत्तर द्यायला लावायचं म्हणजे भरल्या पोत्यानिशी चढ चढवणं होतं.

“आये,” तो म्हणाला, “बरी हायस ना?”

पाठ हलली नाही. भिंतीकडूनच आवाज आला.

“मैने, जेवला का इचार त्याला.”

स्वयंपाकघरातून मैनाचं उत्तर आलं नाही. कोंबड्या केव्हाच डालल्या होत्या. धाऊ दारात उभा राहिला, विचारणारं कोणी येतंय का त्याची वाट बघत. मग स्वतःच म्हणाला, “नाय जेवलो.” ते नक्की कोणाला सांगितलं ते त्यालाही कळलं नाही.

निकाल आला तो आधीच ठाऊक होता. हेतल म्हणाली, काका, पुन्हा बसा, लेखीत तुमच्याएवढे कोणालाच नाहीत. धाऊनं बसतो म्हटलं, आणि रविवारची ड्युटी मागून घेतली.

नम्रता पास झाली. निघायच्या आदल्या आठवड्यात ती शेवटची त्याच्या गाडीला होती. मुरबाडला सगळे उतरल्यावर ती केबिनपाशी आली. “दादा, येते मी.”

“लांब का?” धाऊ म्हणाला.

“नाय,” ती म्हणाली, “हितंच.” आणि पायऱ्या उतरून पळाली.

त्या दिवशी परतीची गाडी तो थोडी जोरात हाकत होता. सागाच्या वळणाच्या अलीकडं त्यानं गिअर बदलला. गाडीत कोणी बोलत नव्हतं. शाम मागं दांडीला धरून उभा होता. परीक्षेनंतर त्यानं एकदाही क्रियापद विचारलं नव्हतं. पण वर्षभराची सवय, आणि वळणावरची ती शांतता. त्याला काय सुचलं कोण जाणे.

“धाऊदा,” तो म्हणाला, “राहणे?”

धाऊनं स्टिअरिंग वळवलं. समोरच्या काचेत सागाची पानं येत होती आणि जात होती.

मागच्या सीटवरून, मांडीवर रिकामी टोपली घेऊन अर्धवट झोपेत बसलेली एक म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, “ब्लायबेन, ब्लीब, गेब्लीबेन.”

शामनं दोनदा घंटी मारली. किन्हवलीला कोणी उतरणारं नव्हतं, गाडी थांबली नाही.